दुसऱ्या वर्गाचं पाणी

बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेकडे, बॉल्सल हीथ नावाच्या वस्तीत, मोझली रोडवर लाल विटांची आणि टेराकोटाची एक भारदस्त इमारत उभी आहे. शेजारी तिच्याच रंगाचं ग्रंथालय. इमारतीला दर्शनी बाजूनं तीन दारं आहेत आणि कोणत्या दारानं कोणी आत यायचं ते दारांवरच कोरून ठेवलं आहे. पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि स्त्रिया. ३० ऑक्टोबर १९०७ रोजी ही दारं उघडली. आत पोहण्याचे दोन तलाव आणि आंघोळीच्या ४६ स्वतंत्र खोल्या. मोझली रोड बाथ्स हे तिचं नाव. ती ठेवायची की तिच्या जागी नवं काही करायचं, यावर या वस्तीनं आणि शहराच्या कौन्सिलनं गेल्या वीसेक वर्षांत जेवढा वाद घातला तेवढा फार थोड्या तलावांच्या वाट्याला आला असेल.

या अंकासाठी एखाद्या सार्वजनिक जलतरण तलावावर लिहावं असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा मी या इमारतीकडे वळले ती तिच्या सौंदर्यामुळे. छायाचित्रांत दिसतो तो पहिल्या वर्गाचा मोठा तलाव. तीन बाजूंनी प्रेक्षकांची गॅलरी, तिला बाहेर झुकलेले छोटे सज्जे, चकचकीत विटांच्या भिंती आणि उंच छताच्या काचांतून उतरणारा उजेड. पण जसजशी माहिती जमत गेली तसतशी माझी नजर दुसऱ्या दाराकडे वळत गेली. कारण २००३ मध्ये तो देखणा मोठा तलाव बंद झाला, कोरडा पडला. त्यानंतरची वर्षं या इमारतीत पोहणं चालू राहिलं ते शेजारच्या लहान, साध्या, दुसऱ्या वर्गाच्या तलावात. त्या तलावात माणसं उतरत होती म्हणून दारं उघडी राहिली, बॉयलर पेटता राहिला, तिकिटं फाडली गेली. दुसऱ्या वर्गानं पहिल्या वर्गाला वाचवलं. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकते. १८३२ च्या कॉलऱ्यात लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सन या कामकरी बाईनं आपल्या घरातला पाणी तापवण्याचा बंब शेजाऱ्यांना कपडे-अंथरुणं धुण्यासाठी खुला केला. त्याच शहरात १८४२ मध्ये फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर निघालं. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेनं त्यासाठी कायदाच केला. बर्मिंगहॅमनं १८५१ मध्ये केंट स्ट्रीटवर आपलं पहिलं स्नानगृह उघडलं. बॉल्सल हीथ तोवर शहराबाहेरची स्वतंत्र वस्ती होती. १८९१ मध्ये ती बर्मिंगहॅममध्ये विलीन झाली, ती ग्रंथालय आणि स्नानगृह मिळेल या बोलीवर. ग्रंथालय १८९५ मध्ये झालं. स्नानगृहासाठी आणखी बारा वर्षं वाट पाहावी लागली. विल्यम हेल आणि सन या वास्तुरचनाकारांनी ते बांधलं.

१८४६ च्या त्या कायद्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण आजच्या वादाची मुळं त्यात आहेत. कायद्यानं दर ठरवून दिले. कामकऱ्यांसाठीच्या आंघोळीला थंड पाण्याचा एक पेनी आणि गरम पाण्याचे दोन पेन्स, त्यात स्वच्छ टॉवेल धरून. याहून जास्त घ्यायचे नाहीत. शिवाय, वरच्या वर्गासाठी जितक्या न्हाण्या बांधाल त्याच्या किमान दुप्पट कामकऱ्यांसाठी बांधल्या पाहिजेत, अशी अट घातली. म्हणजे वर्गांची विभागणी कायद्यानं मान्य केली, पण गरिबाचा वाटाही लेखी बांधून दिला. मला ही अट वाचून त्या काळच्या कायदेकर्त्यांबद्दल आदर वाटला. त्याच कायद्यात एक उणीवही होती. स्नानगृह बांधायचं की नाही हे ज्या त्या गावावर सोडलं होतं. बांधायचं ठरवलं तर नियम असे, पण बांधलंच पाहिजे असं बंधन नाही. १८७८ च्या दुरुस्तीनं छताखालचे पोहण्याचे तलावही या योजनेत आले, हिवाळ्यात तलाव बंद करून ती जागा व्यायामाला वा इतर कामाला वापरण्याची मुभा मिळाली. सक्ती तेव्हाही आली नाही.

पाण्याचे वर्ग कसे पडत हे समजून घेण्यासारखं आहे. पाणी सतत गाळून पुन्हा तलावात सोडण्याची यंत्रणा त्या काळी सरसकट आलेली नव्हती. तलाव ताज्या पाण्यानं भरायचा, काही दिवस वापरायचा, मग रिकामा करून घासायचा. पाणी भरलं त्या दिवशी ते नितळ असे आणि तिकीट महाग असे. दिवसांगणिक पाणी गढूळ होई, तसा काही गावांत दरही उतरे. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्समध्ये, जे मोझली रोडच्या एक वर्ष आधी, १९०६ मध्ये सुरू झालं, पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांच्या तलावात येई, तिथून दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांकडे आणि सगळ्यात शेवटी स्त्रियांकडे. तेच पाणी, तीन तलावांतून. पुढे गाळणी आणि क्लोरीन आले आणि सगळ्यांचं पाणी एकाच प्रतीचं झालं. नंतर वर्गही गेले. दारांवरची अक्षरं तेवढी राहिली.

महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या इतिहासात आहे त्यांना सार्वजनिक पाणी आणि माणसांची उतरंड यांचं नातं नव्यानं सांगायला नको. दोन्हींत फरक मोठा आहे. बॉल्सल हीथच्या मजुराला पाण्याला शिवायची बंदी नव्हती, खिशात पैसे जमले तर तो पहिल्या दारानंही जाऊ शकत होता. जातीला तशी पळवाट नसते. पण तलाव कोणाच्या पैशानं बांधला आणि कोणासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे विचारावा लागतो, म्हणून ती तीन दारं पाहताना मला महाड आठवलं.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते आंघोळीच्या खोल्यांनी. एकेका माणसाला मावेल एवढी खोली, तीत एक टब, कपडे अडकवायला खुंटी, दार. अशा न्हाण्यांना तिकडे ‘स्लिपर बाथ’ म्हणत. ज्या घरांत न्हाणीघर नाही त्या घरांतली माणसं आठवड्यातून एकदा इथे येत. बर्मिंगहॅममध्ये अशी घरं हजारोंनी होती. पाठीला पाठ लावून बांधलेली, मागे खिडकी नसलेली, अंगणात सामाईक नळ आणि सामाईक संडास असलेली.

या न्हाण्यांत ब्रिटनभर एक खुबी असे. पाण्याच्या तोट्या खोलीच्या आत नसत, बाहेर असत. टब आत, नळ भिंतीपलीकडे बोळात आणि नळाची चावी सेवकाच्या हातात. गिऱ्हाईक आत जाऊन दार लावी, सेवक बाहेरून गरम आणि थंड पाणी ठरल्या मापानं सोडी. पाणी निवलं किंवा फार कढत वाटलं तर आतून आपल्या खोलीचा नंबर ओरडून सांगायचं, अमक्या नंबरला गरम सोडा, तमक्याला थंड. एका बोळात ओळीनं खोल्या, प्रत्येकीतून वाफ, प्रत्येकीतून हाका आणि त्यांच्यामध्ये चावी घेऊन फिरणारा एकच माणूस. मापाबाहेर पाणी जाऊ नये, टब वाहून जाऊ नये आणि रांगेतल्या पुढच्याचा नंबर वेळेत लागावा, यासाठी ही रचना. सरकारी कंजुषीचा तो नमुना आहे असं कोणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. गरम पाणी तेव्हा महाग होतं, कोळसा जळे तेव्हा ते मिळे, आणि एकेका बॉयलरवर किती जणांना न्हाऊ घालता येईल याचा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे होता. त्या चावीवाल्या माणसाचं कसब मला थोर वाटतं. एका न्हाणीत म्हातारा, दुसरीत कारखान्यातून थेट आलेला मजूर, तिसरीत पहिल्यांदाच आलेला मुलगा. कोणाला किती ऊन पाणी सोसतं हे त्याला हाकेच्या आवाजावरून ओळखावं लागत असणार.

मोझली रोडच्या ४६ न्हाण्यांचा पूर्ण संच टिकून आहे. ही दुर्मीळ गोष्ट आहे, कारण इतरत्र न्हाण्या पाडून व्यायामशाळा, कोठारं, कचेऱ्या झाल्या. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे इथल्या न्हाण्या २००४ पर्यंत वापरात होत्या. एकविसाव्या शतकात, इंग्लंडमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात, माणसं तिकीट काढून आंघोळीला येत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉल्सल हीथमध्ये आयर्लंडहून, कॅरिबियन बेटांवरून, पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मिरपूरहून, येमेनहून माणसं कामाला आली. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीनं झोपत अशा भाड्याच्या घरांत ती राहिली. त्या घरांना न्हाणीघर असलं तरी त्यात सगळ्यांचा नंबर लागणं कठीण. मोझली रोडचा टब त्यांच्या उपयोगी पडला. त्या पुरुषांची नातवंडं पुढे दुसऱ्या वर्गाच्या तलावात शाळेबरोबर पोहायला शिकली. इमारतीचं खरं चरित्र या दोन पिढ्यांत आहे, पण वास्तुवारशाच्या नोंदींत त्याला ओळभरही जागा मिळत नाही.

नोंदींत येतात त्या वस्तूही कमी मोलाच्या नाहीत. ओकच्या लाकडाची मूळ तिकीटघरं आणि सेवकांच्या चौक्या आहेत. थंड पाणी साठवण्याची ओतीव लोखंडाची मोठी टाकी आहे. आणि वाफेवर टॉवेल सुकवण्याच्या घोड्या आहेत. ब्रिटनमधल्या जलतरण तलावांत अशा घोड्यांचा दुसरा संच शिल्लक असल्याचं कुणाला ठाऊक नाही. अशा घोड्यांचं काम साधं असतं. उंच, अरुंद चौकटी ओळीनं उभ्या, एकेक चौकट रुळावरून बाहेर ओढायची, तिच्या आडव्या दांड्यांवर ओले टॉवेल घालायचे आणि ती पुन्हा आत ढकलायची. आत वाफेच्या नळ्यांनी तापलेली कोंदट खोली. चौकट आत गेली की तिचा दर्शनी पत्रा खोलीचं तोंड बंद करतो, उष्णता बाहेर येत नाही. पाऊसपाण्याच्या देशात रोज शेकडो टॉवेल धुऊन, सुकवून, घडी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचे, तर याला पर्याय नव्हता. एकाच बॉयलरघरातून तलावाला ऊब, न्हाण्यांना गरम पाणी आणि टॉवेलांना वाफ. दोन पेन्समध्ये टॉवेल धरून, या कायद्यातल्या शब्दांमागे एवढी यंत्रसामग्री उभी होती.

२००३ मध्ये बांधकाम धोक्याचं झालं म्हणून मोठा तलाव बंद झाला. पुढच्या वर्षी न्हाण्या बंद झाल्या. उरला लहान तलाव. इथून वाद सुरू होतो.

कौन्सिलची बाजू मला हलक्यात घ्यायची नाही. शंभर वर्षांपूर्वीची इमारत, गळकी छपरं, गंजलेलं लोखंड. अपंगांना आणि म्हाताऱ्यांना चढउतार करायला पायऱ्या. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आईला कपडे बदलायला अपुरी जागा. दुरुस्तीचा खर्च न संपणारा, कारण ही इमारत वारसा यादीत ‘ग्रेड टू स्टार’ या श्रेणीत आहे. इंग्लंडमधल्या यादीतल्या इमारतींपैकी जेमतेम ६ टक्के या श्रेणीत येतात. तिच्या रूपाला धक्का लागेल असा कोणताही बदल परवानगीशिवाय करता येत नाही, मग ती उद्वाहनासाठी फोडायची भिंत का असेना. तेवढ्याच पैशात नवा तलाव बांधला तर तो कमी इंधनात चालेल, जास्त माणसं सामावेल, चाकाच्या खुर्चीला थेट पाण्यापर्यंत नेईल. जवळच्या स्पार्कहिलमध्ये जुना तलाव पाडून २०१७ मध्ये नवा बांधला गेलाच. तो सुरू झाला की मोझली रोड बंद करायचं, असा कौन्सिलचा विचार होता. कागदावर हा हिशेब चोख आहे.

विरोध करणारे सगळे जुन्याचे भक्त होते असं समजणं चुकीचं ठरेल. त्यांत वास्तुप्रेमी होतेच, पण त्यांच्या बरोबरीनं होते ते रोजचे पोहणारे, आणि त्यांचं म्हणणं इमारतीच्या शैलीबद्दल नव्हतं. ते अंतराबद्दल होतं. इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमानुसार प्राथमिक शाळा सोडताना मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे. शाळा तलावापासून चालत जाण्याच्या टप्प्यात असेल तर शिक्षक वर्ग घेऊन निघतात. तसं नसेल तर बस ठरवावी लागते, बसचे पैसे पालकांकडून किंवा शाळेच्या तुटपुंज्या निधीतून काढावे लागतात आणि पोहण्याच्या तासातला अर्धा वेळ रस्त्यात जातो. गरीब वस्तीतल्या शाळेत पहिली काट मारली जाते ती अशा गोष्टींवर. बॉल्सल हीथ ही शहरातल्या गरीब वस्त्यांपैकी एक. नकाशावर स्पार्कहिल फार लांब नाही. पण गाडी नसलेल्या आजीला, दोन पोरं सांभाळणाऱ्या बाईला ते लांबच पडतं.

दुसरी गोष्ट आडोशाची. आजकालच्या नव्या तलावांना मोठमोठ्या काचेच्या भिंती असतात. रस्त्यावरून पोहणारे दिसावेत, इमारत मोकळी वाटावी, ही त्यामागची कल्पना. १९०७ च्या वास्तुरचनाकारानं उजेड वरून घेतला आणि भिंती भक्कम ठेवल्या. त्या काळातला तो संकोच होता. शतकभरानं या वस्तीतल्या मुस्लिम बायकांना तीच रचना सोयीची झाली. बायकांच्या वेळेत दार लावलं की आत कोणाची नजर पोचत नाही. पडदे लावावे लागत नाहीत, काचांना कागद चिकटवावे लागत नाहीत. नव्या तलावातही बायकांसाठी वेळ राखून ठेवता येते, पण भिंत काचेची असेल तर ती वेळ पोकळ ठरते. आधुनिकीकरणाचा आराखडा काढणाऱ्यांनी या बायकांना आधी विचारावं, एवढी माझी साधी अपेक्षा आहे. ब्रिटनमध्येच नव्हे, आपल्याकडेही.

बंद करण्याची तारीख ठरत गेली आणि पुढे सरकत गेली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडनं २०१६ साठी जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंची यादी काढली, ३६ देशांतल्या ५० जागांची. तिच्यात हा तलाव होता. त्यानं जगाचं लक्ष वेधलं. पण तलाव चालू ठेवायला लागतात त्या गोष्टी वेगळ्या असतात. जीवरक्षकांचा पगार, क्लोरीनचे पिंप, गॅसचं बिल, सकाळी लवकर कुलूप उघडणारं कोणीतरी. २०१८ च्या वसंतात कौन्सिलनं हात काढून घेतला आणि वस्तीतल्याच लोकांनी स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थेनं पोहण्याचा कारभार हातात घेतला. पगारी माणसं थोडी, स्वयंसेवक पुष्कळ. नॅशनल ट्रस्ट आणि हिस्टॉरिक इंग्लंड यांसारख्या मोठ्या संस्था पाठीशी उभ्या राहिल्या. मोठा तलाव रिकामाच होता, लहान तलाव चालू होता.

लहान तलाव चालू राहण्याला एवढं महत्त्व का देते ते सांगते. वापरात असलेली इमारत रोज कोणीतरी पाहतं. नवं गळू लागलेलं छप्पर त्याच आठवड्यात लक्षात येतं. पोहणाऱ्यांची नावनिशी असते, त्यांना बोलावता येतं, सह्या घेता येतात, कौन्सिलच्या बैठकीला घेऊन जाता येतं. कुलूप लागलं की हे सगळे लोक पांगतात, दोन-तीन वर्षांत सवय मोडते, मग अनुदान मागणाऱ्याला सांगायला माणसं उरत नाहीत. ग्लासगोच्या गव्हनहिल बाथ्समध्ये नेमकं हे घडू नये म्हणून २००१ मध्ये तलाव बंद होताच रहिवाशांनी इमारतीत ठाण मांडलं आणि ते महिनोन्‌महिने उठले नाहीत. इमारत वाचली. तलावात पुन्हा पाणी भरणं मात्र फार लांबलं. मँचेस्टरचं व्हिक्टोरिया बाथ्स १९९३ मध्ये बंद झालं. २००३ मध्ये बीबीसीच्या एका स्पर्धेत देशभरातल्या प्रेक्षकांनी मतं देऊन त्याला दुरुस्तीसाठी ३४ लाख पौंड मिळवून दिले. रंगीत काचा, टाइल्स, दर्शनी भाग, सगळं उजळलं. लोक ते पाहायला येतात, तिथे लग्नं लागतात, चित्रीकरणं होतात. पण रोजचं पोहणं त्या उजळण्याबरोबर परतलं नाही. वारसा जपला आणि तलाव गेला, असंही होऊ शकतं.

आणि लहान तलावानं तारलं म्हणून अडचणी संपल्या असं मुळीच नाही. त्यांतली पहिली अडचण खुद्द पाण्यात आहे. छताखालच्या तलावाची सर्वांत जास्त उष्णता वाफ होऊन जाते. पाणी साधारण २८-२९ अंशांवर ठेवायचं तर सभोवतालची हवा त्याहून अंशभर गरम ठेवावी लागते, नाहीतर बाष्पीभवन वाढतं आणि पोहणारे कुडकुडतात. ती गरम दमट हवा वर जाते आणि छताच्या थंड काचांना, लोखंडाला भिडते. तिथे पाणी धरतं. त्या पाण्यात क्लोरीन आणि माणसांचा घाम-मूत्र यांच्या संयोगातून झालेले क्लोरामाइन असतात, तलावाचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो त्यांचाच. ते लोखंड खातात. म्हणजे ज्या वाफेमुळे इमारत जिवंत आहे तीच तिचं छप्पर पोखरते. नवा तलाव बांधताना छताला जाड उष्णतारोधक थर देतात, दमट हवा ओढून तिच्यातली उष्णता परत पाण्यात सोडणारी यंत्रं बसवतात. जुन्या काचेच्या छताला जाड थर दिला तर वरून येणारा तो उजेड जातो. वायुवीजनाचे मोठे नळ सज्ज्यांसमोरून न्यावेत तर वारसा खात्याची हरकत येते आणि ती रास्त असते.

तापवण्याचं तसंच. शहरानं कार्बन उत्सर्जन घटवायचं ठरवलं आहे. गॅसचा बॉयलर काढून उष्मापंप बसवला तर तो कमी ऊर्जेत काम करतो खरा, पण तो पाणी बेताचंच गरम देतो. वाफेच्या काळातल्या अरुंद नळ्यांना आणि जुन्या रेडिएटरांना ते पुरत नाही. मग नळ्या बदला, रेडिएटर मोठे करा, त्यासाठी टाइल्स उखडा. टाइल उखडली की तिच्या जोडीची टाइल मिळवायची, ती बाजारात नसते, मुद्दाम भाजून घ्यावी लागते. एका पंपाच्या मागे ही अशी सगळी माळ लागते.

रिकाम्या मोठ्या तलावाची निराळी चिंता. तलावाचा हौद भरलेला राहण्यासाठीच रचलेला असतो. आतल्या पाण्याचा दाब आणि बाहेरच्या मातीचा, भूजलाचा दाब एकमेकांना तोलतात. हौद वर्षानुवर्षं कोरडा राहिला तर बाहेरचा दाब तेवढा उरतो, सांधे सुकून फुटतात. वीस वर्षांहून जास्त काळ पाणी नसलेल्या हौदात पाणी सोडणं म्हणजे जुनं चालू करणं नव्हे, जवळजवळ नवं बांधणंच आहे. त्यामुळे मोठा तलाव पुन्हा पाण्यानं भरायचा की त्यावर जमीन घालून सभा, नाच, खेळ यांना द्यायचा, हा प्रश्न भावनेनं सुटणारा नाही. १८७८ च्या कायद्यानं हिवाळ्यापुरती दिलेली सवलत बारमाही होऊन बसण्याचा धोका मात्र त्यात आहे.

पैशाची कथा तर दमवणारी आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या लेव्हलिंग अप निधीतून तलाव आणि शेजारचं ग्रंथालय यांच्या एकत्रित प्रकल्पाला दीड कोटी पौंडांहून जास्त रक्कम जाहीर झाली. वस्तीनं जल्लोष करावा अशीच ती बातमी. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला बर्मिंगहॅम कौन्सिलनं कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे आपलं अंदाजपत्रक जुळत नाही, कायद्यानं बंधनकारक सेवांपलीकडे नवा खर्च थांबवतो, असं जाहीर केलं. स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकलेली देणी आणि हिशेबाच्या नव्या संगणकप्रणालीवर झालेला अफाट खर्च ही त्याची मोठी कारणं. त्याआधी गॅसचे भाव भडकले होते आणि देशभरातले तलाव वेळा कमी करत होते, पाणी थंड ठेवत होते, काही बंदच झाले होते. मार्च २०२३ च्या अंदाजपत्रकात सरकारला इंग्लंडमधल्या तलावांसाठी ६ कोटी ३० लाख पौंडांचा मदतनिधी जाहीर करावा लागला. अशा वर्षांत वस्तीतल्या स्वयंसेवकांनी तिकीटखिडकी चालू ठेवली, याचं मोल मी पौंडांत करू शकत नाही.

बंधनकारक सेवा हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. या दोन शेजारी इमारतींपैकी ग्रंथालयाला कायद्याचं कवच आहे. १९६४ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालय चालवणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे. ते कवचही किती पातळ असतं हे बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयांच्या कापलेल्या वेळांवरून दिसलं, पण निदान कोर्टात बोट ठेवायला ओळ तरी आहे. तलावाला तीही नाही. मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे हे शाळेवर बंधन, पण ते ज्यात पोहायचं ते पाणी पुरवण्याचं बंधन कोणावरच नाही. १८४६ मध्ये जे गावाच्या मर्जीवर होतं ते आजही मर्जीवरच आहे. एक फरक पडला. त्या वेळी बांधलंच तर गरिबाचा दर किती हे कायदा सांगत असे, त्याच्यासाठी किमान दुप्पट जागा मागत असे. आता तशी अट कुठेही नाही.

म्हणून दुरुस्तीचे पैसे खर्च होताना माझं लक्ष छायाचित्रांतल्या सज्ज्यांपेक्षा लहान तलावाच्या वेळापत्रकावर राहील. काम चालू असताना बायकांची वेळ कुठे हलवली, शाळांचे तास किती बुडाले, काम संपल्यावर तिकीट किती ठेवलं. एवढा पैसा घातल्यावर चालवण्याचा खर्च भरून काढण्यासाठी दर वाढवण्याचा मोह संस्थेला होईल आणि तिचा दोषही नसेल, कारण उष्मापंपाची वीज, विमा, जीवरक्षकांचे पगार कोणीतरी भरायचेच आहेत. तो बोजा पोहणाऱ्यांच्या तिकिटावर टाकला तर ज्यांनी वीस वर्षं रोज येऊन ही इमारत उघडी ठेवली त्यांनाच ती परवडणार नाही. कौन्सिलनं दर वर्षीच्या अंदाजपत्रकात या तलावासाठी ठरावीक रक्कम लिहून द्यावी आणि त्या बदल्यात वस्तीतल्या रहिवाशांसाठीचा दर बांधून घ्यावा. असा करार अवघड आहे, पण १८४६ मध्ये करता आला होता.